जवळच्या क्वेसारच्या दीर्घिकेतला रेणवीय वायू कसा मोजायचा

क्वेसार म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे झळाळणारा दीर्घिकेचा गाभा. क्वेसार म्हटला की बहुतेकांना मधला झगझगीत ठिपकाच दिसतो. त्या ठिपक्याभोवती एक अख्खी दीर्घिका असते. तिच्यात थंड वायू किती, तो कसा फिरतो आणि मधले कृष्णविवर त्याला बाहेर ढकलते का, हे कळले तर पुढे तिथे तारे जन्मणार की नाही याचा अंदाज बांधता येतो. दृश्य प्रकाशात ठिपका दीर्घिकेला झाकून टाकतो. मिलिमीटर लहरींत मात्र बहुतेक क्वेसार मंद असतात आणि वायूची रेषा स्वच्छ दिसते. म्हणूनच एम.एस्सी. संपवून पहिलाच प्रकल्प शोधणाऱ्याला हा विषय झेपतो.

थंड वायू मुख्यतः रेणवीय हायड्रोजन असतो, पण तो थेट दिसत नाही. या रेणूला कायमचा विद्युत द्विध्रुव नाही. त्याची सर्वांत खालची वर्णरेषा २८ मायक्रॉनवर आहे आणि ती पेटायला सुमारे ५१० केल्व्हिन एवढी ऊर्जा लागते. ढगांचे तापमान असते १० ते २० केल्व्हिन, तेव्हा तो मार्ग बंद. कार्बन मोनॉक्साइडची (यापुढे सीओ) पहिली पायरी अवघ्या साडेपाच केल्व्हिनवर आहे, म्हणून मोजायचा सीओ आणि त्यावरून काढायचा हायड्रोजन. या हिशेबातली सगळ्यात कच्ची कडी शेवटी येते, पण निरीक्षणे फसतात ती बहुधा त्याच्या खूप आधी, प्रस्ताव लिहितानाच. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांवर इथे जास्त शाई खर्च केली आहे.

लक्ष्य निवडणे

नवख्याने पालोमार-ग्रीन यादीपासून सुरुवात करावी. हिला पीजी यादी म्हणतात. हिच्यातल्या ०.५ पेक्षा कमी रेडशिफ्टच्या (रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची लहर किती ताणली गेली त्याचे माप) ८७ क्वेसारांचा अभ्यास क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत झालेला आहे. हर्शेल दुर्बिणीची दूर-अवरक्त मोजमापेही त्यांना मिळालेली आहेत, म्हणजे धुळीवरून वायूचा आगाऊ अंदाज बांधता येतो. अवरक्त तेजावरून अंदाज बांधताना एक पथ्य पाळा: क्वेसार स्वतःही धूळ तापवतो, त्यामुळे एकूण अवरक्त तेज घेतले तर सीओचा अंदाज फुगतो. दूर-अवरक्तातल्या थंड धुळीचा वाटा वेगळा काढून मगच तो वापरा.

यानंतर आकाशातली जागा पाहा. पीजी सर्वेक्षण उत्तरेकडचे आहे, क्रांती (आकाशातले अक्षांश) उणे १० अंशांच्या वर. अल्मा ही दुर्बीण चिलीत, २३ अंश दक्षिण अक्षांशावर, चाहनांतोरच्या ५००० मीटर उंच पठारावर आहे. तिथून अधिक ४७ अंश क्रांतीची वस्तू जास्तीत जास्त २० अंश वर येते. मार्केरियन २३१ हा सर्वांत जवळच्या क्वेसारांपैकी एक, पण त्याची क्रांती जवळपास ५७ अंश, म्हणजे तो तिथे क्षितिजावर जेमतेम १० अंश चढतो. असे लक्ष्य फ्रेंच आल्प्समधल्या नोएमा या दुर्बीण-संचाकडे न्यावे. दक्षिणेकडचे क्वेसार हवे असतील तर हॅम्बुर्ग-ईएसओ यादी उघडा.

पुढची सगळी उदाहरणे एकाच वस्तूवर घेऊ: आय झ्विकी १, पीजी यादीत ००५०+१२४. रेडशिफ्ट ०.०६११, क्रांती सुमारे १२.७ अंश. अल्मातून तो ५४ अंशांपर्यंत चढतो, नोएमातूनही नीट दिसतो. त्याच्यात सीओ आहे हे १९८९ पासून माहीत आहे. हबल स्थिरांक ७० धरला तर त्याचे दीप्ती-अंतर (तेजाच्या हिशेबात वापरायचे अंतर) सुमारे २७४ मेगापारसेक येते आणि आकाशातला १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे तिथे सुमारे १.१८ किलोपारसेक.

रेषा नेमकी कुठे पडणार

सीओच्या रेषांच्या (१-० म्हणजे रेणू फिरण्याच्या पहिल्या पायरीवरून तळाला उतरतो तेव्हाची रेषा, २-१ दुसरीवरून पहिलीवर) मूळ वारंवारता पाठच करून टाका: १-० साठी ११५.२७१ गिगाहर्ट्झ, २-१ साठी २३०.५३८, ३-२ साठी ३४५.७९६. त्यांना १ + रेडशिफ्टने भागले की पृथ्वीवरून दिसणारी वारंवारता मिळते. आय झ्विकी १ साठी अनुक्रमे १०८.६३, २१७.२६ आणि ३२५.८८ गिगाहर्ट्झ.

आता तिसरा आकडा पुन्हा वाचा. पृथ्वीच्या वातावरणातली पाण्याची वाफ ३२५.१५ गिगाहर्ट्झवर जवळपास सगळे प्रारण गिळते. म्हणजे ०.०६ च्या आसपासच्या रेडशिफ्टला सीओ ३-२ नेमकी त्या खड्ड्यात पडते. अल्माच्या बँड ७ या वारंवारता-पट्ट्यात ३२५ गिगाहर्ट्झ येते खरे, पण बँडमध्ये येणे वेगळे आणि आकाश पारदर्शक असणे वेगळे. असाच खड्डा १८३.३१ गिगाहर्ट्झवर आहे. ०.२६ च्या जवळच्या रेडशिफ्टला सीओ २-१ त्यात जाते. प्रस्तावात रेषा ठरवण्याआधी दुर्बिणीच्या संकेतस्थळावर वातावरणाच्या पारदर्शकतेचा आलेख काढून त्यावर आपल्या रेषा टिंबांनी मांडा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी चूक याहून जास्त नेहमीची: वेगाची व्याख्या. दीर्घिकांच्या सूचीत वेग बहुधा 'ऑप्टिकल' पद्धतीने दिलेला असतो, म्हणजे प्रकाशाचा वेग गुणिले रेडशिफ्ट. आपल्या लक्ष्यासाठी तो १८,३१७ किमी/से. 'रेडिओ' पद्धतीने, म्हणजे वारंवारता किती प्रमाणात घटली त्यावरून, तोच वेग १७,२६३ येतो. निरीक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये १८,३१७ टाकून वरची चौकट 'रेडिओ'वरच राहू दिली, तर खिडकीचे (एका वेळी नोंदवल्या जाणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्याचे) केंद्र २१७.२६ ऐवजी २१६.४५ गिगाहर्ट्झवर जाते, म्हणजे ०.८१ गिगाहर्ट्झ बाजूला. अल्माची एक स्पेक्ट्रल विंडो १.८७५ गिगाहर्ट्झची, तिचा अर्धा भाग ०.९४. रेषा खिडकीच्या काठावर लटकते, एका बाजूचा पंख कापला जातो, आणि गंमत म्हणजे काहीतरी दिसत असल्यामुळे चूक लगेच लक्षातही येत नाही. यावर उपाय एकच: वेगाऐवजी रेडशिफ्ट किंवा थेट आकाशातली वारंवारता टाका, आणि सॉफ्टवेअर दाखवते तो आकडा हाताने केलेल्या भागाकाराशी ताडून पाहा.

रेडशिफ्ट कुठल्या रेषेवरून काढले आहे तेही तपासा. क्वेसारच्या रुंद रेषा दीर्घिकेच्या खऱ्या वेगापासून शेकडो किमी/से सरकलेल्या असू शकतात. दुहेरी आयनित ऑक्सिजनची रेषाही नेहमी विश्वासाची नसते. बाहेर पळणाऱ्या वायूमुळे ती निळ्या बाजूकडे सरकते आणि आय झ्विकी १ याच बाबतीत कुप्रसिद्ध आहे. आयनित गंधकाच्या अरुंद रेषा, ताऱ्यांच्या शोषणरेषा किंवा २१ सेंटीमीटरची हायड्रोजन रेषा यांवरचे रेडशिफ्ट मिळाले तर ते घ्या.

इथे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा विषय निघतोच, म्हणून सांगून टाकतो. तिथल्या ३० अँटेना १४५० मेगाहर्ट्झपर्यंत काम करतात. सीओ १-० तिथे दिसायला दीर्घिका रेडशिफ्ट ७८ च्या पुढे असावी लागेल, आणि एवढ्या लांब पाहायला काही नाही! शिवाय त्या तबकड्यांची जाळी १० ते २० मिलिमीटर भोकांची, आणि सीओ १-० ची लाट २.६ मिलिमीटरची. पण आण्विक हायड्रोजन मोजायला जीएमआरटी कामाची आहे. आय झ्विकी १ ची २१ सेंटीमीटर रेषा १३३८.६ मेगाहर्ट्झवर, तिच्या पट्ट्यात नीट बसते. रेणवीय आणि आण्विक वायूची बेरीज करायची असेल तर दोन्ही दुर्बिणी लागतील.

कुठली रेषा, कुठली दुर्बीण

वस्तुमान काढायला सर्वांत खात्रीची रेषा १-०, कारण थंडगार वायूही ती देतो. पण वेळेच्या हिशेबात २-१ स्वस्त पडते. समान तापमानाचा दाट वायू असेल तर रेषेचा प्रवाह, म्हणजे जान्स्की या एककातले मोजमाप, वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. प्रत्यक्षात २-१ आणि १-० च्या तेजाचे गुणोत्तर ०.६ ते ०.८ असते. ०.७ धरले तर २-१ चा प्रवाह १-० च्या २.८ पट. म्हणून शोधमोहीम असेल तर २-१ घ्यावी आणि गुणोत्तराची अनिश्चितता अंतिम त्रुटीत (एरर बारमध्ये) सामील करावी, असे आमचे मत.

दुर्बीण प्रश्नावर ठरवा. वायू आहे की नाही आणि किती एवढेच विचारायचे असेल तर स्पेनमधल्या पिको वेलेटाची ३० मीटरची इराम तबकडी किंवा अल्माचा ७ मीटर अँटेनांचा छोटा संच पुरतो. वायू कसा फिरतो हे हवे असेल तर अल्माचा १२ मीटरचा मोठा संच किंवा नोएमा लागेल. नोएमात १५ मीटरच्या १२ अँटेना आहेत आणि तिचा कोरिलेटर (अँटेनांचे संकेत जोडणारा संगणक) दर ध्रुवीकरणाला साडेपंधरा गिगाहर्ट्झ रुंदी एकदम देतो. त्यामुळे रेडशिफ्टची शंका असलेल्या क्वेसारला ती फार सोयीची.

बारीक रचना हवी म्हणून अँटेना सर्वांत लांब पसरलेला संच मागायचा मोह आवरा. इंटरफेरोमीटर (अनेक अँटेना जोडून केलेली दुर्बीण) ठरावीक आकारापेक्षा मोठी, पसरट रचना गाळून टाकतो. अल्माच्या सर्वांत आवळ संचात २३० गिगाहर्ट्झला भेदनक्षमता सुमारे दीड आर्कसेकंद आणि टिकणारी मोठ्यात मोठी रचना १२ आर्कसेकंदांच्या आसपास. सुमारे ०.४ आर्कसेकंद देणाऱ्या संचात तीच मर्यादा पाचावर येते. आपल्या लक्ष्यात पाच आर्कसेकंद म्हणजे फक्त ६ किलोपारसेक. तबकडी त्याहून मोठी असेल तर वायूचा एक हिस्सा मोजणीतून गळतो, आणि प्रतिमा दिसायला मात्र सुंदर असते. बारीक संचासोबत एक आवळ संच किंवा ७ मीटरचा संच जोडून मागा. परवडत नसेल, तर एकाच तबकडीच्या मोजमापाशी एकूण प्रवाह ताडून पाहण्याची तयारी ठेवा.

किती वेळ मागायचा

आकडेमोड अशी करा. समजा ५० कोटी सौर वस्तुमानाचा वायू पकडायचा आहे. सीओ दीप्तीवरून वायूचे वस्तुमान काढायचा रूपांतर-गुणक ३.१ आणि २-१ चे गुणोत्तर ०.७ धरले तर सीओ २-१ ची दीप्ती ११.३ कोटी येते. दीप्ती आणि प्रवाह यांचे सूत्र असे:

सीओ दीप्ती = ३.२५ कोटी × प्रवाह × दीप्ती-अंतराचा वर्ग ÷ (दिसणाऱ्या वारंवारतेचा वर्ग × (१ + रेडशिफ्ट) चा घन)

प्रवाह जान्स्की किमी/से मध्ये, अंतर मेगापारसेकमध्ये, वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये. उत्तर केल्व्हिन किमी/से वर्ग पारसेक या एककात येते. आपल्या लक्ष्याला १० जान्स्की किमी/से म्हणजे ४३ कोटी दीप्ती, तेव्हा ११.३ कोटींसाठी प्रवाह २.६ हवा. रेषा ३०० किमी/से रुंद असली तर सरासरी उंची ८.७ मिलिजान्स्की.

एकात्म प्रवाहातला नॉइज म्हणजे एका चॅनलचा नॉइज गुणिले (चॅनलची रुंदी × रेषेची रुंदी) चे वर्गमूळ. २० किमी/से चॅनल आणि ३०० ची रेषा असेल तर हा गुणक ७७.५. पाच पट खात्री हवी असेल तर एकात्म नॉइज ०.५२ जान्स्की किमी/से असावा, म्हणजे दर चॅनलला ६.७ मिलिजान्स्की. अल्माच्या दहा ७-मीटर अँटेनांना चांगल्या हवेत याला दहा-पंधरा मिनिटे लागावीत, वर कॅलिब्रेशनचा वेळ. नेमका आकडा सेन्सिटिव्हिटी कॅल्क्युलेटरवरून घ्या, पण हा हिशेब आधी कागदावर करा. कॅल्क्युलेटरमध्ये रुंदीच्या चौकटीत चुकून पूर्ण खिडकी राहिली तर तो तुम्हाला काही सेकंदांत सगळे मिळेल असे सांगतो.

रुंदी गृहीत धरताना क्वेसारची तबकडी आपल्याकडे कशी कलली आहे हे पाहा. समोरून दिसणारीला १५० किमी/से, कडेवर असलेलीला ५०० सहज होते. रुंद रेषेला जास्त वेळ लागतो.

स्पेक्ट्रल मांडणीत काटकसर नको. २१७ गिगाहर्ट्झला १ किमी/से म्हणजे ०.७२५ मेगाहर्ट्झ, त्यामुळे १.८७५ गिगाहर्ट्झच्या खिडकीत सुमारे २६०० किमी/से मावतात. रेषेचे पंख दोन्हीकडे ८०० पर्यंत गेले तर कंटिन्युअम (रेषांखेरीजचे सलग प्रारण) मोजायला प्रत्येक बाजूला ५०० उरतात, तेही काठाचे खराब चॅनल धरून. म्हणून त्याच साइडबँडमध्ये (रिसीव्हरच्या दोन वारंवारता-पट्ट्यांपैकी एकात) दुसरी खिडकी थोडी चढवून शेजारी लावा. उरलेल्या दोन दुसऱ्या साइडबँडमध्ये कंटिन्युअमसाठी ठेवा.

अल्माचे प्रस्ताव साधारण मार्चमध्ये मागवले जातात आणि एप्रिलमध्ये मुदत संपते. फेब्रुवारीत तिथे पठारावर खराब हवा आणि देखभाल, तेव्हा निरीक्षण बंद. भारत अल्माचा भागीदार नाही, तरी भारतातून प्रस्ताव टाकता येतो. परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असते, म्हणून 'आमच्या आधीच्या निरीक्षणात' अशी वाक्ये लिहिलीत तर प्रस्ताव अडचणीत येतो. नोएमा आणि ३० मीटरसाठी वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, प्रस्ताव घेतात.

आणि मागण्याआधी अल्माचे अर्काइव्ह उघडा. निरीक्षणे साधारण बारा महिन्यांनी सगळ्यांना खुली होतात. जवळच्या पीजी क्वेसारांची बरीच सीओ २-१ निरीक्षणे तिथे पडून आहेत. पहिला सराव त्यांच्यावरच करावा.

एका तबकडीने निरीक्षण करताना

३० मीटरवर २१७ गिगाहर्ट्झला बीम (तबकडीला एकदम दिसणारा आकाशाचा तुकडा) सुमारे ११ आर्कसेकंदांचा, १०८.६ ला २२.६ चा. आपल्या लक्ष्यात पहिला १३ किलोपारसेक, दुसरा २७. मोठ्या दीर्घिकेचा २-१ चा काही भाग बीमबाहेर राहतो. हे न सुधारता दोन्ही रेषांचे गुणोत्तर काढले तर ते कृत्रिमरीत्या घटते.

वॉबलर पद्धत वापरा, म्हणजे दुय्यम आरसा लक्ष्य आणि शेजारचे रिकामे आकाश यांच्यात झुलत राहतो. झोका दीर्घिकेच्या आकारापेक्षा मोठा ठेवा. दर तास-दीड तासाला जवळच्या तेजस्वी रेडिओस्रोतावर पॉइंटिंग तपासा. फोकस तीन-चार तासांनी, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास हमखास, कारण तबकडी तापते-निवते. तापमानाचे कॅलिब्रेशन दर दहा-पंधरा मिनिटांनी.

आपल्या उदाहरणातली ८.७ मिलिजान्स्कीची रेषा २१७ गिगाहर्ट्झला या तबकडीवर जेमतेम १ मिलिकेल्व्हिन भरते. एवढ्या खोलीवर खरा शत्रू नॉइजपेक्षा बेसलाइनचा (रेषेखालच्या पायाचा) लाटांसारखा चढउतार असतो. तबकडी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये प्रारण मागे-पुढे परावर्तित होऊन तो तयार होतो. कंटिन्युअम तेजस्वी असेल तर जास्तच. प्रत्येक स्कॅन वेगळा पाहा आणि वाकडे स्कॅन काढून टाका. सरासरी स्पेक्ट्रमवर सरळ रेषाच बसवा, फार तर शून्य किंवा पहिल्या घाताची. तिसऱ्या-चौथ्या घाताचा वक्र बसवला की सपाट बेसलाइन मिळते आणि सोबत ५०० किमी/से ची खरी रेषाही खाल्ली जाते. दोन ध्रुवीकरणे आणि दोन रात्री वेगवेगळ्या जोडून पाहा. रेषा खरी असेल तर चारही तुकड्यांत त्याच जागी असेल.

इंटरफेरोमीटरचा डेटा

अल्मातून डेटा येतो तो बहुधा कॅलिब्रेट झालेला, किंवा कॅलिब्रेशनची स्क्रिप्ट घेऊन. ती चालवायला कासा या सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती लागते, जी सोबतच्या कागदात लिहिलेली असते. नव्या आवृत्तीत जुनी स्क्रिप्ट मध्येच पडते आणि दोष डेटाला दिला जातो.

प्रतिमा करण्याआधी अँटेना आणि वेळेनुसार अँप्लिट्यूड आणि फेज प्लॉट करा. एखादी अँटेना बहकलेली असेल तर ती काढून टाका. मग कंटिन्युअम वजा करा. रेषेच्या केंद्रापासून दोन्हीकडे सुमारे १००० किमी/से सोडून उरलेल्या चॅनलांवर शून्य किंवा पहिल्या घाताचा वक्र बसवा. रुंद पट्ट्यात दुसऱ्या रेणूंच्या रेषा येतात, त्याही वगळा. सायनोजेनच्या रेषा सीओ १-० च्या खाली सुमारे २ गिगाहर्ट्झवर आहेत, २-१ जवळ २२६.९ गिगाहर्ट्झच्या आसपास. वगळल्या नाहीत तर कंटिन्युअम जास्त वजा होतो आणि सीओची रेषा खाली ढळते.

इथे रेडिओ-तेजस्वी क्वेसारचा प्रश्न येतो. ३सी २७३ चे रेडशिफ्ट ०.१५८, सीओ १-० तिथे ९९.५ गिगाहर्ट्झवर, आणि गाभ्याचा कंटिन्युअम काही जान्स्की. बँडपास (वारंवारतेनुसार यंत्राचा प्रतिसाद) नुसता ०.१ टक्का चुकला तरी ५ जान्स्कीवर ५ मिलिजान्स्कीची खोटी रेषा उभी राहते, आणि ती नेमकी गाभ्यावर, जिथे तुम्हाला वायू हवा आहे. अशा लक्ष्यासाठी बँडपास कॅलिब्रेटरवर भरपूर वेळ मागा आणि कॅलिब्रेटर लक्ष्याइतकाच तेजस्वी निवडा. एक फायदाही आहे: गाभ्याच्या कंटिन्युअमवर सेल्फ-कॅलिब्रेशन, म्हणजे लक्ष्यावरूनच कॅलिब्रेशन, झकास होते. आधी फक्त फेज, नंतर गरज पडली तर अँप्लिट्यूड.

क्यूब (दर वेगाला एक अशा प्रतिमांचा संच) करताना तीन गोष्टी बघा. रेस्ट फ्रीक्वेन्सीच्या जागी आकाशातली २१७.२६ टाकली तर वेगाचे शून्य रेषेवर येते आणि रुंदी दीर्घिकेच्या चौकटीत खरी मिळते. तिथे २३०.५३८ टाकून रेडिओ पद्धत ठेवलीत तर ३०० ची रेषा २८३ भरते, सहा टक्के कमी. चॅनल २० किमी/से ठेवा, कमी नाही. वेटिंग (अँटेनांच्या जोड्यांना द्यायचे वजन) शोधासाठी नॅचरल, प्रतिमेसाठी रोबस्ट ०.५. क्लीन (प्रतिमेतले बीमचे खोटे ठसे काढायची प्रक्रिया) हाताने आखलेल्या मास्कमध्ये नॉइजच्या दीड ते दोन सिग्मापर्यंत खोल न्या. वरवर क्लीन केले तर उरलेला भाग वेगळ्या बीमच्या एककात राहतो आणि एकूण प्रवाह चुकतो.

प्रवाह मोजताना प्राथमिक बीमची दुरुस्ती केलेला क्यूबच घ्या. अल्माच्या १२ मीटर अँटेनाचा बीम २१७ गिगाहर्ट्झला २६.८ आर्कसेकंद. केंद्रापासून ८ आर्कसेकंदांवरचा वायू दुरुस्तीशिवाय २२ टक्के कमी दिसतो. आणि मोमेंट नकाशा (क्यूबवरून काढलेला तेजाचा किंवा वेगाचा एकच नकाशा) करताना ३ सिग्माखालचे पिक्सेल गाळतात, ते वेगाच्या नकाशासाठी ठीक. एकूण प्रवाहासाठी मात्र न गाळलेल्या क्यूबमधून एका ठरावीक वर्तुळाचा स्पेक्ट्रम काढा, वर्तुळ वाढवत न्या आणि बेरीज जिथे स्थिरावते तिथे थांबा.

वेगाच्या नकाशात मध्यभागी वेगाचे विखुरण एकदम वाढलेले दिसले की 'क्वेसारने वायू ढवळला' असे लिहायला हात शिवशिवतात. थांबा. बीमच्या आत फिरण्याचा वेग झपाट्याने बदलत असेल तर साधी शांत तबकडीही तसेच दाखवते. त्रिमितीय क्यूबवरच तबकडीचे मॉडेल बसवणारे ३डी-बॅरोलोसारखे सॉफ्टवेअर वापरा आणि मॉडेल वजा करून काय उरते ते पाहा. बाहेर पळणाऱ्या वायूचा दावाही याच चाळणीतून जावा. मार्केरियन २३१ मध्ये सीओचे पंख सुमारे ७५० किमी/से पर्यंत गेलेले २०१० मध्ये दाखवले गेले. तिथे पंख अनेक लागोपाठच्या चॅनलांत होते. एका चॅनलमधला उंचवटा म्हणजे पंख नव्हे, आणि कंटिन्युअमचा उतार किंचित चुकला की दोन्हीकडे सारखेच पंख फुटतात. कंटिन्युअमचे चॅनल बदलून वजाबाकी पुन्हा करा. पंख टिकले तर पुढे जा.

वायूचे वस्तुमान

वर सांगितलेली कच्ची कडी ही. सीओ दीप्तीवरून वायू काढायचा गुणक आपल्या आकाशगंगेत सुमारे ४.३ (हीलियम धरून), जवळच्या सर्पिल दीर्घिकांत सरासरी ३.१, आणि टक्कर होऊन पेटलेल्या अतितेजस्वी अवरक्त दीर्घिकांत ०.८. समजा सीओ २-१ चा प्रवाह १० जान्स्की किमी/से भरला. दीप्ती ४३ कोटी, १-० ची ६२ कोटी. मग वायू २७० कोटी, १९० कोटी की ५० कोटी सौर वस्तुमान? तिन्ही उत्तरे एकाच डेटाची. शांत तबकडी दिसणाऱ्या क्वेसारला ३.१ घेणे समर्थनीय, मार्केरियन २३१ सारख्या विलीन होणाऱ्याला ०.८. गुणक कोणताही घ्या, पण कोष्टकात दीप्तीचा स्तंभ आधी आणि वस्तुमानाचा नंतर, म्हणजे दुसऱ्याला आपला गुणक लावता येईल. प्रवाहाच्या चुकीत नॉइजसोबत कॅलिब्रेशनचीही भर घाला: अल्माच्या बँड ६ ला सुमारे १० टक्के, बँड ३ ला ५.

रेषा दिसली नाही तर नोंद रिकामी सोडू नका. एकात्म नॉइजच्या तिप्पट मर्यादा द्या आणि त्यासाठी कोणती रुंदी धरली ते शेजारी लिहा. वरच्या उदाहरणात ०.५२ चा नॉइज म्हणजे १.५६ जान्स्की किमी/से ची मर्यादा, वायू ३० कोटी सौर वस्तुमानापेक्षा कमी, तेही ३.१ आणि ०.७ धरून, रुंदी ३००. रुंदी ५०० धरली तर मर्यादा ३९ कोटींवर जाते. दोन प्रकल्पांतल्या मर्यादा जुळत नाहीत तेव्हा पहिल्यांदा ही रुंदीच ताडून पाहा.